तिरप्या अक्षराची दुसरी बाजू
(प्रस्तावना)

वसई-विरार पट्ट्यात लिहिली जाणारी मराठी एका पानावर किती भाषांना जागा देते, हे नीट पाहायला हवे. राजेळी केळी आणि तिच्यापासून होणारी सुकेळी यांवरचा साधा लेख घेतला, तरी त्यात बागेतल्या बाईच्या तोंडी कादोडी बोलीतले वाक्य येते, सणाच्या वर्णनात चर्चच्या उपासनेतली लॅटिन संज्ञा येते, जुन्या वाडीची हकिकत सांगताना पोर्तुगीज दस्तऐवजाचे नाव येते आणि लेखक खाडीकाठच्या तिवरांकडे वळला की ‘अ‍ॅव्हिसेनिया मरीना’ हे शास्त्रीय नावही येते. रोमन लिपीतल्या मुद्रकाने या चारही ठिकाणी अक्षर बदलले असते. उभ्या रोमनमधून तो इटॅलिकमध्ये गेला असता आणि काम झाले की मुकाट्याने परतला असता. मराठी मुद्रक मात्र चारही ठिकाणी तीच अवतरणचिन्हे लावतो, किंवा संगणकावर एक कळ दाबून देवनागरी तिरकी करतो. पहिल्या उपायाने बोलणे, शीर्षक, परका शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांतला फरक पुसला जातो. दुसऱ्या उपायाने अक्षराचेच नुकसान होते. या संग्रहातले लेख या अडचणीभोवती फिरतात. माझे म्हणणे असे की इटॅलिकचा गुण तिरपेपणात नाही. तो त्याच्या वेगळ्या हातात आहे, मजकुरात दुसरा आवाज उभा करण्याच्या क्षमतेत आहे. असा दुसरा हात मराठीकडे शतकानुशतके होता. छपाईच्या वाटेवर तो मागे राहिला, एवढेच.

नव्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट सांगायला हवी. ज्या रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक पाय किंवा खुंट्या असतात त्यांना सेरिफ म्हणतात. दगडावर कोरलेल्या रोमन मोठ्या अक्षरांचा तो वारसा आहे. इटॅलिकचा वंश वेगळा. पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या निक्कोलो निक्कोलीसारख्या विद्वानांनी ग्रंथ भराभर उतरवून घेण्यासाठी एक धावते वळण घडवले आणि पोपच्या कचेरीतल्या लेखनिकांनी ते पुढे घोटून नेटके केले. अक्षरे अरुंद, एकमेकांकडे झुकणारी, लेखणी शक्य तितकी कमी उचलून काढलेली. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिउस या मुद्रकाच्या सांगण्यावरून फ्रान्चेस्को ग्रिफोने या वळणाचे ठसे कापले. १५०० साली सिएनाच्या कॅथरिनच्या पत्रांच्या पुस्तकातील एका चित्रात त्यातले मोजके शब्द दिसले, आणि १५०१ साली व्हर्जिलचे छोटे, हातात मावणारे पुस्तक संपूर्ण याच अक्षरात निघाले. या पुस्तकातले दोन तपशील पुढच्या विवेचनासाठी फार महत्त्वाचे आहेत. एक, इटॅलिक तेव्हा कोणाच्या मदतीला आलेले दुय्यम अक्षर नव्हते. सबंध ग्रंथ त्यातच वाचायचा होता. दोन, त्यातली मोठी अक्षरे सरळ उभीच होती. लहान अक्षरांचा झुकावही अगदी बेताचा होता. ज्याला आज आपण इटॅलिकची ओळख मानतो तो तिरपेपणा जन्माच्या वेळी जेमतेम होता. ओळख होती ती हाताच्या गतीची.

त्यानंतर वीसेक वर्षांत लुदोविको अर्रिगीने, जो स्वतः पोपच्या कचेरीत लेखनिक होता, या वळणाचा कित्ता छापला आणि मग आपल्या अक्षरांचे टाइपही पाडून घेतले. त्याची अक्षरे आल्दुसच्या अक्षरांपेक्षा मोकळी, लांब शेपटांची, श्वास घेणारी. खरा पालट मात्र फ्रान्समध्ये झाला. सोळाव्या शतकाच्या मध्याला रोबेर ग्रांजोंने असे इटॅलिक कापले की ते रोमनच्या शेजारी बसावे, त्याच मापाचे, त्याच काळेपणाचे आणि तरीही वेगळे. आता एकाच ओळीत दोन हात नांदू लागले. काय कुठे वापरायचे याचे संकेत हळूहळू रुळले: ग्रंथनामे, परकीय शब्द, नाटकातल्या सूचना, जोर द्यायचा शब्द, पुढे प्राणी-वनस्पतींची द्विनामे. १५६०च्या जिनिव्हा बायबलपासून इंग्रजी परंपरेत आणखी एक उपयोग आला. मूळ हिब्रू-ग्रीक पाठात नसलेला, पण अर्थ पुरा व्हावा म्हणून अनुवादकाने घातलेला शब्द इटॅलिकमध्ये छापायचा. वाचकाला काहीही न सांगता, वाचन न थांबवता, हा शब्द माझा आहे असे अनुवादक कबूल करतो. छपाईतल्या सचोटीचा इतका नाजूक नमुना मला दुसरा माहीत नाही. कॅस्लन, बास्करव्हिल, दिदो, बोदोनी ही पुढची घराणी महत्त्वाची आहेत. त्यांच्या हाती इटॅलिक क्रमाक्रमाने लेखणीपासून दूर आणि कोरणीच्या जवळ गेले. त्याचा तपशील संग्रहात आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही.

विसाव्या शतकातला एक वाद मात्र टाळून चालणार नाही, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आधीच दिले गेले आहे. १९२६ साली स्टॅन्ली मॉरिसनने ‘द फ्लूरन’ या नियतकालिकात असा सिद्धान्त मांडला की रोमनचे आदर्श सहचर म्हणजे रोमनच, फक्त तिरपे केलेले. हस्ताक्षराची वळणे हवीत कशाला? तर्क स्वच्छ होता. काही वर्षांतच यान व्हान क्रिम्पेनने ‘रोम्युलस’ या टंकासाठी तसे तिरपे रोमन प्रत्यक्ष काढले. निकाल काय लागला? डोळा ओळीवरून जाताना अशा अक्षराचे वेगळेपण पुरेसे टिपत नाही आणि तरी काहीतरी बिघडले आहे ही जाणीव मात्र राहते. वाचणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनीही हा प्रयोग उचलला नाही. त्याच सुमाराला पुन्हा घडवल्या गेलेल्या ‘बेम्बो’, ‘सेंटॉर’ यांसारख्या अभिजात टंकांसोबत लेखणीच्या वळणाचीच इटॅलिक अक्षरे राहिली, आणि ती आजही वापरात आहेत. डोनाल्ड क्नूथने गणिताच्या छपाईसाठी संगणकावर टंक रचले तेव्हा त्याने तिरपे रोमन आणि इटॅलिक या दोन वेगळ्या गोष्टी मानून दोहोंचे वेगवेगळे संच केले. कारण सरळ आहे. खऱ्या इटॅलिकमध्ये ‘ए’, ‘एफ’, ‘जी’ यांचे आकारच बदलतात, खुंट्यांच्या जागी लेखणी टेकल्याच्या आणि उचलल्याच्या खुणा येतात, अक्षर अरुंद होते, ओळीची लय बदलते. झुकाव हा या सगळ्याचा परिणाम आहे. कारण काढून टाकून नुसता परिणाम ठेवला तर उरते ते वाकवलेले अक्षर.

आता आपल्याकडे येऊ. कोकणपट्टीला रोमन टाइपाची ओळख फार लवकर झाली. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. देवनागरीत का नाही? स्टीफन्स यांना ते हवे होते. १६०८ सालच्या पत्रात देशी लिपीत छपाईची परवानगी मागताना त्यांनी रोमला कळवले होते की इथल्या लिपीची सहाशेच्या घरात जाणारी अक्षररूपे दोनशे साच्यांवर आणता येतील. परवानगीचे हे मागणे तडीस गेले नाही. पण सहाशे आणि दोनशे हे दोन आकडे मराठी मुद्रणाचा पुढचा सारा इतिहास सांगून जातात. रोमनला जोडीचे इटॅलिक करायचे तर शंभराच्या आसपास ठसे जास्तीचे लागतात. देवनागरीला जोडीचा टंक करायचा म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचा अख्खा संसार पुन्हा मांडायचा. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी, स्वतःच्या छापखान्यात गणपत कृष्णाजींनी आणि १८६४ साली टाइप फाउंड्री व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी आपली सारी ताकद एका हाताला, बालबोध वळणाला, पूर्णत्व देण्यात घातली. राणोजी रावजी आरू यांनी निर्णयसागरसाठी कापलेली अक्षरे पाहिली की ही निवड योग्यच होती हे पटते. दुसरा टंक ही तेव्हा चैन होती. शिवाय मुंबईच्या डिग्री पद्धतीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार वेगळ्या खिळ्यांनी, थरावर थर ठेवून जुळवायचे असत. सरळ उभ्या चौकोनी खिळ्यांच्या या रचनेत अक्षर तिरपे केले की वरची मात्रा उजवीकडे आणि खालचा उकार डावीकडे सरकायला हवा. खिळा तसा सरकत नाही. धातूच्या काळात तिरपी देवनागरी रुळली नाही, याचे हे एक मोठे कारण.

संगणकाने ही अडचण एका रात्रीत नाहीशी केली, आणि इथेच घोटाळा झाला. ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला, विंडोजसोबत घरोघरी पोचलेला टंक. त्यात साधे आणि ठळक अशी दोनच रूपे आहेत. ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ सात वजनांत मिळतो, त्यातही इटॅलिक नाही. घडवणाऱ्यांनी जाणूनबुजून जे दिले नाही ते आज्ञावली परस्पर बनवून देते, उभ्या अक्षराला ठरावीक अंशांनी ढकलून. त्यातून काय बिघडते ते नीट समजून घ्यायला हवे. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते, देवनागरी शिरोरेघेला लटकलेली असते. कलवणी होते ती खालच्या रेषेच्या आधाराने, त्यामुळे सगळ्यात जास्त हलते ते नेमके शिरोरेघेचे आणि तिच्यावरच्या मात्रा-अनुस्वारांचे बस्तान. शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा रफार पुढच्या उभ्या कंसाला जाऊन धडकतो. देवनागरीत उभे दंड फार. ते सगळे एकदम कलले की सबंध ओळ उजवीकडे कोसळत असल्यासारखी दिसते, आणि वर शिरोरेघ मात्र आडवीच. बोरूचा काप रोमन लेखणीच्या कापापेक्षा उलट्या अंगाचा असल्याने जाड-बारीक रेषांची आपली वाटणीही निराळी आहे. तिरपे करताना ती विस्कटते, वळणे एका बाजूला फुगतात, दुसऱ्या बाजूला चिमटतात. डोळसपणे काढलेली तिरपी देवनागरी नाहीच असे नाही. ‘अडोबी देवनागरी’त ती आहे, आणि मुक्त परवान्याने मिळणाऱ्या ‘टिरो देवनागरी मराठी’तही आहे, ती यांत्रिक कलवणीपेक्षा कितीतरी सरस आहे. पण तिच्यातही अक्षराचा आकार तोच राहतो, हात बदलत नाही. मॉरिसनच्या सिद्धान्तापाशी आपण शंभर वर्षांनी, बऱ्याच सुबकपणे, येऊन पोचलो आहोत.

हात बदलायचा तर कोणता? कचेरीत धावत्या लेखणीने लिहिले जाणारे, अक्षर अक्षराला बांधणारे, स्वर जोडताना मूळ आकार मोडून नवा करणारे वळण मराठीकडे आहे. मोडी. तिचा उगम हेमाडपंतांकडे नेण्याची परंपरा आहे. बाळाजी आवजी चिटणीस यांच्या नावाशी तिचे चिटणिसी वळण जोडले जाते. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता खाली मजकूर सोडत जायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ न घालता. पोपच्या कचेरीतले लेखनिक आणि मराठ्यांच्या दफ्तरातले कारकून एकाच गरजेला उत्तर देत होते. फरक पडला तो छापखान्यात. इटलीत कचेरीचे वळण टाइपात गेले आणि ग्रंथाच्या वळणाचा जोडीदार झाले. आपल्याकडे पोथी बालबोधीत आणि दफ्तर मोडीत अशी वाटणी पक्की राहिली, आणि छपाईने पोथीचा हात उचलला. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांनी १८१० साली मराठी कोश छापताना मोडी टाइप वापरले होते, शिळाछापावरही मोडी काही काळ तगली. पण दोन हातांना एका ओळीत आणण्याचा प्रयत्न झाला नाही. वसईपुरते बोलायचे तर १७३७ ते १७३९ या काळातल्या वसई मोहिमेची, चिमाजी आप्पांच्या छावणीतली पत्रे मोडीत लिहिलेली आहेत. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादून ती वाचकांसमोर आणली, त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र छापील पानावर पत्रातला मजकूर एकाच बालबोधीत आहे. धावपळीत लिहिलेल्या कागदाची चाहूल त्यात लागत नाही.

यावर आक्षेप येतील आणि यायलाच हवेत. पहिला असा की मोडी आज मूठभरांनाच वाचता येते. तिला छापील पानावर आणून वाचकाला कोड्यात का घालायचे? आक्षेप खरा आहे, पण मागणी तशी नाही. अर्रिगीच्या वळणातली प्रत्येक लकब आजच्या इटॅलिकमध्ये नाही. मुद्रकांनी ओळखू येईल तेवढेच ठेवले, बाकी सोडले. तसेच बालबोध अक्षरांचा सांगाडा कायम ठेवून जोडणीची गती, गोलावा, अरुंदपणा आणि शेवटचा फराटा एवढेच मोडीकडून घेता येईल. हे शक्य आहे याचा पुरावा सुलेखनात आहे: अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी यांच्या मिलाफातून ‘मुक्तलिपी’ घडवली, आणि ती मोडी न येणाऱ्या माणसालाही वाचता येते. सुलेखनातले अक्षर आणि दहा पॉइंटात वाचायचे अक्षर यांत मोठे अंतर आहे हे मान्य. ते अंतर कापणे हेच टंककाराचे काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त मुळावर जातो. रोमन लिपीची गरज आपल्यावर का लादायची? दोनशे वर्षे मराठी ग्रंथव्यवहार इटॅलिकवाचून चाललाच ना? चालला, आणि उत्तम चालला. पण दुसऱ्या आवाजाची गरज परकी आहे हे मात्र खरे नाही. पोथ्या पाहा. काळ्या शाईत चाललेल्या मजकुरात अध्यायसमाप्ती, ‘उवाच’, दंड हे लाल शाईने किंवा गेरूच्या पट्ट्याने वेगळे केलेले असतात. एका रंगाच्या छपाईत ती सोय गेली. जर्मन मुद्रकांकडे जुन्या गॉथिक टाइपाला इटॅलिक नव्हते, तेव्हा त्यांनी अक्षरांमधली जागा वाढवून जोर दाखवला. जपानी मुद्रक अक्षराशेजारी ठिपके देतात. रशियन लिपीने तर इटॅलिक घेतले आणि स्वतःच्या हस्ताक्षरातून त्याचे आकार इतके बदलले की ‘त’चे छापील रूप आणि इटॅलिक रूप वेगळी अक्षरे वाटावीत. प्रत्येकाने उत्तर आपल्या लिपीत शोधले. आपणच तेवढे कळ दाबून मोकळे झालो. ठळक टाइप आहेच की, असेही कोणी म्हणेल. ठळक अक्षर पान उलटताच डोळ्यात भरते, म्हणून ते मथळ्याला आणि कोशातल्या नोंदीला योग्य. कादोडी वाक्य ठळक छापले तर बोलणारी बाई ओरडते आहे असे वाटेल. इटॅलिकचे वेगळेपण वाचक त्या शब्दापाशी पोचेपर्यंत गप्प असते, आणि हीच त्याची किंमत आहे.

हा विषय आजच मांडण्याचे कारण आहे. वसईच्या ख्रिस्ती आणि सामवेदी समाजांचे लेखन, ‘सुवार्ता’ मासिकाभोवती वाढलेला वाचकवर्ग, ‘सुबोध बायबल’सारखा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा अनुवाद, ही सगळी मराठी अनेक आवाजांची आहे. बोली लिहून ठेवण्याची निकड वाढते आहे, कारण शहर झपाट्याने वाढते आहे आणि बोलणारी घरे पांगत आहेत. बोलीतले वाक्य प्रमाण मराठीच्या मजकुरात छापताना त्याला अवतरणांच्या कुंपणात उभे करायचे की बरोबरीच्या अक्षरात, हा निव्वळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. अवतरणचिन्ह शब्दाला लेखकापासून दूर ढकलते, जोडीचे अक्षर त्याला त्याच ओळीत मानाने बसवते. आणि साधने आता हाताशी आहेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, मुंबईतले टंककार जगभर काम करत आहेत, आणि सहाशे-दोनशेचे स्टीफन्स यांचे गणित आता खर्चाचे राहिलेले नाही. लागते ती कोणीतरी मागणी करण्याची. ग्रंथाची मागणी असल्याशिवाय आल्दुसनेही ठसे कापून घेतले नसते.

संग्रहाची रचना याच विचाराने केली आहे. रोमन इटॅलिकचा इतिहास त्यात सविस्तर येतो, पण गौरवासाठी नव्हे, उलगड्यासाठी. एखादी लिपी आपला दुसरा हात कसा कमावते हे त्यावरून कळावे म्हणून. मोडीवरचे लेख लिपी शिकवत नाहीत, तिच्या वळणांची शरीररचना दाखवतात. बापूराव नाईक यांच्या १९७१च्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या त्रिखंडी ग्रंथाचा आधार जागोजागी घेतला आहे, तरी देवनागरी मुद्रणाचा संपूर्ण इतिहास देण्याचा इथे प्रयत्न नाही. लेखकांचे एकमतही नाही. एका लेखात सुबकपणे काढलेल्या तिरप्या देवनागरीची बाजू जोरकसपणे मांडली आहे, आणि माझे मत वेगळे असूनही तो लेख मी मुद्दाम मध्यावर ठेवला आहे. छपाईपुरता निर्णय आम्ही असा केला: पुस्तकात यांत्रिक कलवणी कुठेही नाही. ग्रंथनामे आणि थेट बोलणे यांना अवतरणचिन्हे ठेवली आहेत. कादोडी शब्द, शास्त्रीय नावे आणि अनुवादकाने घातलेले शब्द त्याच टंकाच्या एक वजन हलक्या रूपात, अक्षरांमध्ये किंचित जास्त जागा सोडून छापले आहेत. ही तडजोड आहे. शेवटच्या परिशिष्टात त्याच उताऱ्यांचे मोडीच्या वळणाने काढलेले नमुने दिले आहेत. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत, आणि कुठे अडखळायला होते ते टंककारांना कळवावे.